गयेच्या वाटेवरील शिदोरी

काशी, प्रयाग आणि गया ह्या तीन क्षेत्रांची यात्रा आपल्याकडे त्रिस्थळी म्हणून प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकांत काशीस राहून ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिणारे नारायणभट्ट मूळ पैठणच्या घराण्यांतील. ह्या यात्रेची शास्त्रोक्त वाट आंखून देणारा पुरुष आपल्याच गोदाकांठच्या कुळांतील, ह्याचा आम्हां गोदाकांठच्या लोकांस थोडा अभिमान वाटल्यास नवल नाहीं. माझ्या लहानपणीं गांवांतून कोणी ह्या यात्रेस निघाला, कीं अर्धें गांव त्यास एस. टी.च्या थांब्यापर्यंत पोंचवावयास जाई, आणि तो परत आला म्हणजे गंगेच्या गडूची पूजा होऊन मावंदें घातलें जाई. काशी व प्रयाग हीं दोन क्षेत्रें मीं नोकरींत असतांनाच पाहिलीं होतीं. गया मात्र राहिली होती. ती कां राहिली हें सांगितल्यावांचून पुढील वर्णनास अर्थ नाहीं; म्हणून तें आधीं सांगतों.

माझें इंग्रजी शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचें, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र मी प्रथम वडिलांजवळ व नंतर नाशिकच्या एका शास्त्रीबोवांजवळ शिकलों, आणि त्याच शिदोरीवर पुढें आयुष्यभर मास्तरकी केली. १९८२ सालीं वडील वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर एके दुपारीं आई ओटीवर वाती वळीत बसली होती. माझे दोन मित्र आले होते. त्यांच्यादेखत ती मला म्हणाली, “अरे, एकदां गयेला जाऊन ये. ह्यांच्या नांवाचा पिंड तिथं पडला, म्हणजे मी सुटलें.” मी तेव्हां पंचवीस वर्षांचा होतों आणि माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह नुकताच वाचून संपविला होता. त्यांतील चार्वाकाचा युक्तिवाद जिभेवर ताजा होता. मी म्हणालों, “आई, इथं ठेवलेला भात परलोकीं पोंचत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला द्यायची? घरीं कुणाला तरी जेवूं घालावं, म्हणजे वाटेंत त्याचं पोट भरेल!” मित्र हंसले. आई हंसली नाहीं आणि रागावलीही नाहीं. “बरं बाबा, तूं शिकलेला,” इतकेंच म्हणून तिनें पुढची वात वळावयास घेतली.

ती गोष्ट तिनें पुन्हां काढली नाहीं. दुसऱ्या वर्षीं गांवच्या बायकांबरोबर ती काशीस जाऊन आली. येतांना गंगेचा गडू आणला. त्या यात्रेविषयीं ती फारसें बोलली नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. १९९१ सालीं ती गेली. मीं गयेचें तिकीट काढलें तें त्यानंतर चौतीस वर्षांनीं, गेल्या मार्गशीर्षांत.

निघण्याच्या दिवशीं पहाटेपासून स्वयंपाकघरांत खटपट चालली होती. दशम्या, तिळाची चटणी, गुळाचे खडे असें सर्व फडक्यांत बांधलें जात होतें. मी म्हटलें, “अगं, गाडींत सगळं विकत मिळतं हल्लीं.” सौभाग्यवती म्हणाली, “मिळतं, म्हणून कुणी बांधून घ्यायचं सोडतं कां?” त्या वेळीं त्या उत्तराकडे माझें लक्ष गेलें नाहीं.

नाशिक रोडवर आम्ही प्रयागमार्गें जाणाऱ्या कलकत्त्याच्या मेलमध्यें बसलों. खांडवा, इटारसी, जबलपूर करीत गाडी प्रयागाजवळून पुढें गेली. ज्या स्टेशनास पूर्वीं मोगलसराई म्हणत व २०१८ पासून दीनदयाळ उपाध्यायांचें नांव दिलें आहे, तें मागें पडल्यावर मगधाची वाट लागते. डेहरीजवळ शोण नद आडवा येतो. बाणभट्टानें आपलें बालपण ह्याच शोणाच्या तीरीं घातलें, हें मीं मुलांना कितीदां तरी सांगितलें असेल. पण शोणाचें पात्र केवढें रुंद आहे, हें सुमारें तीन किलोमीटर लांबीच्या त्या पुलावरून गाडी धडधडत जाऊं लागली तेव्हांच कळलें. पुस्तकांतील नदी आणि पुलाखालील नदी ह्यांत असें अंतर असतें.

गया हें तीन बाजूंनीं लहानलहान खडकाळ टेंकड्यांनीं वेढलेलें जुनें नगर आहे. २०२५ सालच्या मे महिन्यांत बिहार सरकारनें त्याचें नांव अधिकृतपणें ‘गयाजी’ केलें. लोकांच्या तोंडीं तें पूर्वींपासून तसेंच होतें. येथील तीर्थोपाध्यायांस गयावाळ म्हणतात. यात्रेकरूचा प्रांत, जिल्हा व गांव विचारून ते आपापले यजमान ओळखतात. आमच्या जिल्ह्याचे यजमान ज्यांच्याकडे, ते पंडाजी साठीच्या घरांतले, शांत गृहस्थ निघाले. पिढ्यानुपिढ्या मराठी यजमान असल्यामुळें हिंदींत मराठी शब्द मिसळून बोलत. मी शिक्षक असें कळतांच त्यांनीं मला ‘मास्टरजी’ म्हणावयास आरंभ केला. आमच्या गांवाची वही घरीं माळ्यावर आहे, ती शोधून परवां दाखवितों, असें ते म्हणाले. दक्षिणेचें बोलणें त्यांनीं आधींच स्पष्टपणें करून घेतलें आणि पुढें तो विषय काढला नाहीं.

गयेची कथा वायुपुराणास जोडलेल्या गयामाहात्म्यांत आहे. गय नांवाचा असुर तपश्चर्येनें इतका पवित्र झाला, कीं त्यास जो पाही तो थेट स्वर्गास जाई. यमाची नगरी ओस पडली. तेव्हां देवांनीं यज्ञासाठीं त्याचें शरीरच मागून घेतलें. तो आडवा झाला, पण हलावयाचा थांबेना; म्हणून त्याच्यावर शिळा ठेविली, आणि अखेर विष्णूनें गदा धारण करून आपलें पाऊल त्यावर रोंविलें. येथें पिंड देणाऱ्याचे पितर तरून जावेत, हा वर त्या असुरानें मागितला. रोज निदान एक तरी पिंड येथें पडला पाहिजे, नाहींतर गयासुर उठेल, अशी लोकांची समजूत आहे. २०२० सालीं साथीमुळें पितृपक्षाचा मेळा भरला नाहीं. तेव्हांही आम्हीं एक दिवस चुकूं दिला नाहीं, असें पंडाजी सांगत होते. कथा म्हणून ऐकतांनाही तिच्यांतील एक गोष्ट मनांत भरते. एवढें थोर क्षेत्र एका असुराच्या देहावर उभें आहे, आणि त्यानें स्वतःसाठीं मागितलें तें दुसऱ्यांच्या वाडवडिलांकरितां!

विष्णुपदाचें आजचें मंदिर १७८७ सालीं अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलें. करड्या दगडाचा भव्य सभामंडप, त्यापुढें उंच शिखर, आणि गाभाऱ्यांत रुप्यानें मढविलेल्या अष्टकोनी कुंडांत खडकावरचें तें पाऊल. चौंडीची ही कन्या. तिचा पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडला. ती सती जावयास निघाली असतां सासरे मल्हारराव ह्यांनीं तिला मागें फिरविलें. १७६७ मध्यें पुत्र मालेराव गेला. मंदिर झाल्यावर चारच वर्षांनीं, १७९१ सालीं, कन्या मुक्ताबाई आपल्या पतीच्या चितेवर चढली, आणि तिला अडविणें आईस शक्य झालें नाहीं. जिच्या घरांतील माणसें एकेक करून मृत्यूनें नेलीं, त्याच स्त्रीनें साऱ्या भरतखंडास आपलीं गेलेलीं माणसें आठवावयास ही जागा बांधून दिली. मंडपांत तामीळ, बंगाली, नेपाळी, मारवाडी कुटुंबें शेजारीशेजारीं बसलीं होतीं. कोणी कोणाची भाषा समजत नव्हतें. पण प्रत्येकाच्या समोर जवाच्या पिठाचा तोच गोळा होता.

मंदिराच्या पायथ्याशीं फल्गु नदी वाहते, किंवा वाहत नाहीं असें म्हणावें. निरंजना आणि मोहना ह्या दोन नद्या मिळून ती झाली आहे. वर्षाचे बरेच महिने पात्रांत केवळ वाळू दिसते, आणि हातानें उकरलें कीं खालीं पाणी लागतें; म्हणून हिला अंतःसलिला म्हणतात. ह्याला लोक सीतेचा शाप म्हणतात. राम पिंडाचें साहित्य आणावयास गेला असतां दशरथानें हात पसरला, सीतेजवळ कांहीं नव्हतें म्हणून तिनें वाळूचाच पिंड दिला. रामानें विचारल्यावर फल्गूनें साक्ष फिरविली. वटवृक्ष तेवढा खरें बोलला. नदी भूमिगत झाली आणि वट अक्षय झाला. २०२२ सालीं सरकारनें विष्णुपदाजवळ रबराचा बांध घालून पाणी अडविलें आहे, त्यामुळें आतां तेथें घाटाशीं पाणी दिसतें, आणि वरून पलीकडच्या सीताकुंडास चालत जातां येतें. शापावर हा नवा उतारा यात्रेकरूंच्या सोईचा खरा. मला मात्र बांधाच्या खालच्या अंगास उघडी वाळूच बघावीशी वाटली. हातानें थोडी उकरली, ओल लागली.

पहिल्या दिवशीं फल्गूवर तर्पण व पितृश्राद्ध झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही शहराच्या वायव्येस असलेल्या प्रेतशिळेच्या टेंकडीवर गेलों. शेंकडों पायऱ्या चढाव्या लागतात, डोलीवालेही मिळतात. ज्यांना अकाळीं किंवा अपघातानें मृत्यु आला, त्यांच्यासाठीं येथें पिंड देतात व सातूचें पीठ उडवितात. लोकांनीं आपल्या माणसांच्या तसबिरी तेथें आणून ठेविल्या आहेत. त्यांत म्हातारे थोडे, तरुणच अधिक. गयेस पिंड केवळ कुळांतील लोकांनाच द्यावा असें नाहीं. मित्र, सेवक, शेजारी, ज्यांचें कोणी नाहीं असे, सर्वांना देतां येतो. माझ्या वर्गांतील एक मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या नदीच्या डोहांत बुडाला होता. त्याच्या वहीवर माझी तांबडी शाई वाळली नव्हती. त्याचें गोत्र मला ठाऊक नव्हतें. पंडाजी म्हणाले, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावें. तसें म्हणून एक पिंड त्याच्या नांवें ठेविला.

त्याच दुपारीं बारा किलोमीटरांवरील बुद्धगयेस गेलों. विटांचें तें उत्तुंग मंदिर गुप्तकाळच्या सुमाराचें. २००२ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. मागें बोधिवृक्ष आहे. जुना वृक्ष १८७६ सालीं वादळांत पडल्यावर त्याचेंच रोप १८८१ सालीं कनिंगहॅम ह्यांनीं तेथें लाविलें. गयामाहात्म्य श्राद्धकर्त्यास ह्या वृक्षास नमस्कार करावयास सांगतें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. झाडाखालीं बसल्यावर माझें जुनें कोडें पुन्हां उभें राहिलें, आणि ह्या वेळीं चार्वाकाच्या तोंडून नव्हे.

कोडें असें. मेलेला जीव कर्मानुसार दुसऱ्या देहांत गेला असेल, तर पितृलोकांत बसून पिंडाची वाट कोण पाहतो? आणि पितर तेथेंच असतील, तर पुनर्जन्म कोणाचा? ऋग्वेदांत यम हा मरण पावलेला पहिला मनुष्य. त्यानें पुढल्यांसाठीं वाट शोधून काढली, आणि मागाहून गेलेले त्याच्या घरीं पितरांस जाऊन मिळतात. तेथें पुनर्जन्माची स्पष्ट कल्पना नाहीं. छांदोग्यांत ती येते. बारा वर्षें शिकून ताठ मानेनें परतलेला श्वेतकेतु राजसभेंत जातो. मेलेले कोठें जातात, असें प्रवाहण जैवलि त्यास विचारतो, आणि त्या विद्वान् पोराला उत्तर येत नाहीं. मग त्याचा बापच शिष्य होऊन तें ज्ञान घेतो: एक वाट देवांची, जेथून परत येणें नाहीं, दुसरी पितरांची, जेथून पुनः पृथ्वीवर यावें लागतें. गीतेंत तर दोन्ही मतें शेजारींशेजारीं आहेत. पहिल्या अध्यायांत पिंड आणि उदक तुटल्यामुळें पितर पतन पावतील म्हणून अर्जुन रडतो, आणि दुसऱ्यांत देह हें जुनें वस्त्र आहे असें श्रीकृष्ण त्यास समजावितात. रामायणांत जाबालि हा ब्राह्मण रामास जवळजवळ चार्वाकाचेंच बोलणें ऐकवितो, आणि राम त्याच्यावर रुष्ट होतो. मत्स्यपुराणानें तोड काढली: बाप देव झाला असेल तर दिलेलें अन्न अमृत होऊन त्यास पोंचतें, पशु झाला असेल तर गवत होऊन. ही तोड सुंदर आहे, पण ती कवीची आहे, नैयायिकाची नव्हे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे ह्यांच्यासारख्या धर्मशास्त्राच्या महापंडितानेंही १९५३ सालच्या आपल्या चौथ्या खंडांत कबूल केलें आहे, कीं कर्मसिद्धांत आणि श्राद्ध ह्यांचा मेळ घालणें कठीण आहे. तेव्हां पंचविसाव्या वर्षीं मीं घेतलेली शंका अगदींच पोरकट होती असें नाहीं. पोरकट होतें तें तिचें स्थळ, काळ आणि ज्या माणसास ती ऐकविली तें माणूस.

बुद्धास हाच प्रश्न विचारला असतां त्यांनीं उत्तर देण्याचें नाकारलें. विषारी बाण लागलेल्या मनुष्यानें, बाण मारणारा कोण, त्याचें कुळ कोणतें, हें कळेपर्यंत बाण काढूं देणार नाहीं असें म्हटलें तर काय होईल, एवढेंच त्यांनीं विचारलें. मी ज्या वृक्षाखालीं बसलों होतों, त्याच्यापासून निरंजना जवळच आहे, आणि तीच पुढें फल्गु होते. एकाच पाण्याच्या कांठीं एकानें मौन धरिलें आणि इतरांनीं पिंड ठेविले.

तिसऱ्या दिवशीं विष्णुपदीं मातृषोडशी झाली. आईसाठीं सोळा पिंड देण्याचा हा विधि गयेचा विशेष आहे. प्रत्येक पिंडाबरोबर एक श्लोक म्हणतात, आणि प्रत्येक श्लोकांत आईनें ह्या मुलापायीं सोसलेलें एकेक दुःख सांगून त्याच्या निष्कृतीसाठीं हा पिंड, असा संकल्प असतो. उदरांत वाहिलेला भार, महिन्यामहिन्यानें वाढणारी पीडा, प्रसूतीच्या कळा, मुलासाठीं घेतलेलीं कडू औषधें, राखलेलें पथ्य, थंडीच्या रात्रीं ओल्या बाजूस स्वतः निजून कोरड्या बाजूस घातलेलें मूल. शास्त्रकारांनीं इतर ठिकाणीं आईची थोरवी मोठ्या शब्दांनीं सांगितली आहे. येथें थोरवी नाहीं, नुसती यादी आहे. वाणसामानाच्या यादीसारखी सोळा कलमांची यादी, आणि प्रत्येक कलमापुढें देणेंकरी म्हणून स्वतःचें नांव.

मी अपसव्य करून, दक्षिणेस तोंड करून बसलों होतों. खरें सांगावयाचें तर पहिले तीन श्लोक मीं व्याकरणाच्या कानांनींच ऐकले. रचना साधी, एक ठिकाणीं पंडाजींचा ऱ्हस्वदीर्घ चुकला; तो मनांतल्या मनांत मीं सुधारलाही. चवथ्या पिंडानंतर मात्र कांहीं सुधारावयाचें सुचेना. हातांत जवाचें पीठ, तीळ आणि मध होता. मला उगाच होमरच्या काव्यांतील ओडिसिअस आठवला. मृतांच्या देशाच्या दारीं तोही मध, दूध आणि जवाचें पीठच वाहतो; तेथें त्याला त्याची आई भेटते, जी त्याची वाट पाहून झुरून मेली आहे. तो तीनदां तिला मिठी मारावयास जातो आणि तीनदां ती छायेसारखी हातांतून निसटते. कोठें यवनांचा समुद्र आणि कोठें मगधाची ही वाळू! एकमेकांस न विचारतां दोघांनीं आपल्या मेलेल्यांपुढें तेंच धान्य ठेविलें. सोळावा पिंड ठेवितांना माझा हात कांपला. सौभाग्यवती मागें बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं, फक्त तिनें पाण्याचा तांब्या पुढें सरकविला.

अक्षयवटाखालीं शेवटचें श्राद्ध झालें. तेथें एखादें फळ किंवा भाजी आयुष्यभरासाठीं सोडावयाची असते. पंडाजींनीं यात्रा सुफळ झाल्याचा आशीर्वाद दिला, आणि मग त्यांच्या घरीं नेऊन तांबड्या कापडांत बांधलेली लांबट वही आमच्यापुढें उघडली. पानें पिवळीं पडलीं होतीं. आमच्या गांवाच्या पानावर प्रथम मोडींत कोणा पूर्वजाची सही होती, मग आजोबांची बाळबोध. पंडाजी बोट खालीं नेत म्हणाले, “मास्टरजी, ये आपके घरके ही हैं ना?”

तारीख १९८४ च्या माघांतली होती. अक्षर मीं लगेच ओळखलें. वाण्याच्या हिशोबापलीकडे आईनें फार लिहिलेलें मीं पाहिलें नव्हतें. तिनें वडिलांचें नांव लिहिलें होतें, गोत्र लिहिलें होतें, माझें नांव लिहून त्यापुढें ‘शाळेंत मास्तर’ असें लिहिलें होतें. खालीं एक ओळ होती: “मुलास रजा नाहीं म्हणून आला नाहीं. पुढें येनार आहे.”

‘येनार’ मध्यें ण च्या जागीं न होता. छत्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांत हा न खोडून त्यावर तांबड्या शाईनें ण काढीत आलों. त्या दिवशीं तो न मला इतका बरोबर वाटला, कीं त्याच्याकडे पाहत किती वेळ बसलों हें मला सांगतां यावयाचें नाहीं. काशीहून ती गयेस आली होती, आणि मला कळूं दिलें नव्हतें. मीं तिची थट्टा केली होती. तिनें परक्या गांवीं, परक्या माणसाच्या वहींत माझी अब्रू झांकून ठेविली होती. रजा मला त्या वर्षीं पुष्कळ शिल्लक होती.

पंडाजींनीं लेखणी पुढें केली. त्या ओळीखालीं मीं तिथि व नांव लिहिलें, आणि ‘आईच्या सांगण्यावरून आलों’ एवढेंच लिहिलें. दुसरें कांहीं लिहावयास सुचलें नाहीं.

परतीच्या गाडींत मला कठोपनिषद आठवत होतें. तें मीं कित्येक विद्यार्थ्यांस शिकविलें. नचिकेता यमाच्या दारीं तीन दिवस उपाशी राहतो आणि तीन वर मिळवितो. मनुष्य मेल्यावर उरतो कीं नाहीं, हा त्याचा तिसरा वर. त्या प्रश्नाविषयीं देवांनाही पूर्वीं संशय होता, दुसरें कांहीं माग, असें यम स्वतः म्हणतो. मी नेहमीं मुलांना घाईनें ह्या तिसऱ्या वराकडे घेऊन जात असें, कारण तत्त्वज्ञान तेथें आहे. पहिला वर दोन मिनिटांत उरकीत असें. तो वर काय आहे? माझ्या बापाच्या मनांतील राग जावो, आणि मी परत गेल्यावर त्यानें मला ओळखून जवळ घ्यावें. मृत्यूच्या समोर उभा राहिलेला तो पोर आधीं घरचा हिशोब मिटवितो, आणि मगच मोठा प्रश्न विचारतो. हा क्रम उपनिषत्कारांनीं मुद्दाम ठेविला आहे, हें कळावयास मला सदुसष्ट वर्षें लागलीं.

“अहो,” सौभाग्यवतीनें विचारलें, “तुमचं तें चार्वाकाचं कोडं सुटलं कां?”

“नाहीं,” मी म्हणालों.

तें सुटलेलें नाहीं. माझी आई आज कोणत्या लोकीं आहे, किंवा कोणत्या देहांत, मला ठाऊक नाहीं. त्या जवाच्या पिठाचें अमृत झालें कीं गवत, हेंही नाहीं. तिनें गयेच्या पंड्याकडून दोन दशम्या बांधून घेतल्या होत्या. एक माझ्या हातीं देऊन ती खिडकीबाहेर पाहूं लागली. मला मॅट्रिकच्या परीक्षेचा दिवस आठवला. आई एस. टी.च्या थांब्यावर शिदोरी घेऊन धांवत आली होती. “नाशिकला खाणावळी आहेत,” असें मीं म्हटलें होतें. तिनें ती तरीही पिशवींत कोंबली. मला भूक नव्हती, हें तिलाही दिसत होतें. चार्वाकाचा युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त शिदोरी कोण बांधतें आणि कां बांधतें, हें त्या युक्तिवादांत कोठेंच येत नाहीं.

असो. ज्या वाचकांस गयेस जावयाचें असेल, त्यांनीं पितृपक्षाची गर्दी टाळून हिंवाळ्यांत जावें, तीन दिवस पुरतात, दक्षिणेचें आधींच ठरवून घ्यावें, आणि वही पाहिल्याशिवाय परतूं नये. आणि ज्यांची आई अद्यापि ओटीवर वाती वळीत बसलेली आहे, त्यांनीं गयेची घाई करूं नये. आधीं तिच्याजवळ जाऊन बसावें, आणि ती काय म्हणते तें ऐकावें.